छोट्या गाडीचं ॲव्हरेज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रोजच्या वापरातली छोटी गाडी, हजार-बाराशे सीसीचं पेट्रोल इंजिन, वजन साधारण एक टन. पुढची उत्तरं अशी गाडी डोळ्यासमोर ठेवून लिहिली आहेत. डिझेलचं गणित जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगितलं आहे.

कंपनी सांगते तेवढं ॲव्हरेज मला का मिळत नाही?

कारण कंपनीचा आकडा रस्त्यावर मोजलेला नसतो. गाडी प्रयोगशाळेत रोलरवर उभी करतात आणि ठरलेल्या तक्त्याप्रमाणे वेग वाढवत-कमी करत चालवतात, तीही एसी बंद ठेवून. युरोपातली जुनी एनईडीसी चाचणी तर फारच सौम्य होती: ११ किलोमीटर, जेमतेम २० मिनिटं, सरासरी वेग ताशी ३४ किलोमीटरच्या आसपास. २०१७ पासून तिथे डब्ल्यूएलटीपी ही नवी चाचणी आली. ती ३० मिनिटांची, २३ किलोमीटरची असून त्यात वेग ताशी १३१ पर्यंत जातो, म्हणून तिचे आकडे वास्तवाच्या बरेच जवळ असतात.

यात कंपनी खोटं बोलते असं नाही. सगळ्या गाड्यांना एकच परीक्षा असते, त्यामुळे दोन गाड्यांची तुलना करायला तो आकडा चांगला. तुमच्या रस्त्यावर, तुमच्या ट्रॅफिकमध्ये गाडी किती देईल हे मात्र तुम्हालाच मोजावं लागतं.

मग मोजायचं कसं? स्क्रीनवर दिसतं ते धरायचं का?

स्क्रीनवरचा आकडा बऱ्याच गाड्यांत थोडा चढाच असतो. कालच्यापेक्षा आज बरं की वाईट हे कळायला तो ठीक आहे, हिशेबाला नाही.

खात्रीची पद्धत टाकी फुल ते टाकी फुल. पंपाचा नोझल पहिल्यांदा आपोआप बंद पडला की थांबा आणि किलोमीटरचा आकडा लिहून ठेवा. टाकी बरीच रिकामी झाली की पुन्हा तशीच, शक्यतो त्याच पंपावर भरा. मधले किलोमीटर भागिले आता भरलेले लिटर. गाडी ४१० किलोमीटर चालली आणि २४ लिटर बसलं तर ॲव्हरेज १७ च्या थोडं वर. एका टाकीवरून काहीही ठरवू नका. नोझल कधी लवकर बंद होतो, कधी उशिरा, आणि एवढ्याशा फरकाने उत्तर हलतं. तीन-चार टाक्यांची बेरीज करून भागाकार केला की आकडा स्थिरावतो.

नोझल बंद पडल्यावर वरून "अजून थोडं" भरून घेण्याची सवय असेल तर ती सोडा. हिशेब बिघडतोच, शिवाय पेट्रोलची वाफ अडवणाऱ्या कोळशाच्या डब्यात पातळ पेट्रोल शिरून तो खराब होऊ शकतो.

लिटरमागे २ किलोमीटर वाढले तर खरंच किती फरक पडतो?

ते कुठून वाढले यावर आहे. हजार किलोमीटरचा हिशेब करून बघा. १० वरून १२ वर गेलात तर १०० लिटरऐवजी ८३ लिटर लागतं, म्हणजे १७ लिटर वाचलं. २० वरून २२ वर गेलात तर ५० ऐवजी ४५.५, म्हणजे जेमतेम साडेचार लिटर. वाढ दोन्हीकडे दोनचीच. घरात दोन गाड्या असतील तर मेहनत आधी जास्त पिणाऱ्या गाडीवर घ्या.

पेट्रोल नेमकं जातं कुठे?

बाकी सगळी उत्तरं यातूनच निघतात, म्हणून हे जरा सविस्तर.

एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते. त्यातली बरीचशी रेडिएटर आणि सायलेन्सरमधून उष्णता होऊन निघून जाते. चाकांपर्यंत पोचते ती ढोबळमानाने पाव हिस्सा, गर्दीच्या शहरात त्याहूनही कमी. हा पाव हिस्सा तीन ठिकाणी खर्च होतो: समोरची हवा कापण्यात, टायर रस्त्यावर दबत फिरतात त्यात, आणि ब्रेकमध्ये.

शहरात आणि हायवेवर या तिघांची वाटणी पार वेगळी असते. ताशी ५० ला हवेचा विरोध कमी असतो, टायरचा त्याहून जास्त. साधारण ६० च्या आसपास दोन्ही बरोबरीला येतात. ताशी १०० ला हवेचा विरोध टायरच्या विरोधाच्या जवळजवळ तिप्पट होतो. शहरात वेग कमी म्हणून हवा गप्प असते, पण तिथे ब्रेक आणि उभं राहणं पेट्रोल खातं. "शहरात हळू चालवतो तरी ॲव्हरेज नाही" या तक्रारीचं उत्तर इथे आहे.

ब्रेक मारल्याने पेट्रोल कसं जातं? तेव्हा तर पाय ॲक्सिलरेटरवर नसतो.

पेट्रोल आधीच गेलेलं असतं, ब्रेक फक्त त्याची उष्णता करतो. एक टनाची गाडी ताशी ६० वर आणायला सुमारे १४० किलोज्यूल लागतात. इंजिनाची कार्यक्षमता धरली तर ते सुमारे १७ मिली पेट्रोल होतं. ६० वरून करकचून थांबलात की हे १७ मिली ब्रेकच्या डिस्कवर तापून हवेत गेले. वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात हा आकडा वाढतो: ४० वरून थांबलात तर ८ मिली, ८० वरून ३० च्या वर. जाता-येता मिळून ६० वरून तीसेक वेळा थांबलात तर अर्धा लिटर तिथेच संपलं.

म्हणून शहरातला सगळ्यात मोठा उपाय नजरेत आहे. पुढच्या गाडीच्या मागच्या दिव्याकडे बघू नका, तिच्याही पुढे दोन-तीन गाड्यांपर्यंत बघा. सिग्नल लाल दिसतोय तर त्याच्याकडे धावत जाण्यात काय हशील? पाय लवकर उचला, गाडी गिअरमध्येच राहू द्या, वेग आपोआप उतरू द्या. बऱ्याचदा तुम्ही पोचेपर्यंत सिग्नल सुटतो आणि २० च्या वेगावरून पुढे निघता येतं. शून्यावरून निघण्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त पडतं. यासाठी पुढे थोडं अंतर लागतं. त्या अंतरात कुणी ना कुणी घुसतोच. घुसू द्या. त्याने तुमचे दोन सेकंद गेले, पेट्रोल नाही.

उतारावर न्यूट्रल केलं तर वाचतं ना?

नाही, उलट जातं. हा समज कार्ब्युरेटरच्या जमान्यातला आहे आणि तेव्हाही तो धोक्याचाच होता. इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकलेला असताना ॲक्सिलरेटरवरून पाय पूर्ण काढला की गाडीतला संगणक इंजेक्टर, म्हणजे पेट्रोल फवारणारी तोटी, बंद करतो. चाकंच इंजिन फिरवतात, खर्च शून्य. इंजिन जवळजवळ आयडलच्या, म्हणजे उभ्या गाडीतल्या, फेऱ्यांपर्यंत उतरलं की पुरवठा परत सुरू होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन बंद पडू नये म्हणून पेट्रोल द्यावंच लागतं. शिवाय घाटाच्या उतारावर इंजिन ब्रेकिंग नसेल तर सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि लागेनासे होतात.

अगदी सौम्य उतार असेल, जिथे गिअरमध्ये गाडी मंदावते आणि न्यूट्रलमध्ये तेवढ्याच वेगाने धावते, तिथे कागदावर न्यूट्रल थोडं जिंकतं. त्या थोड्यासाठी गाडी मोकळी सोडावी असं मला वाटत नाही. आणि इंजिन बंद करून उतरणं तर निव्वळ वेडेपणा: पॉवर स्टिअरिंग जातं, ब्रेकची मदत दोन-तीन दाबांत संपते, किल्ली जास्त फिरली तर स्टिअरिंग लॉक होतं.

गिअर कधी बदलायचा?

वाटतं त्यापेक्षा लवकर. पेट्रोल गाडीत सपाट रस्त्यावर २००० ते २५०० आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे) वरचा गिअर, डिझेलमध्ये १५०० ते २००० ला. पेट्रोल इंजिनाला थ्रॉटल, म्हणजे हवा आत सोडणारा पडदा, अर्धवट मिटलेला असताना हवा ओढायलाच श्रम पडतात. वरचा गिअर, कमी फेरे आणि थोडा जास्त दाबलेला पाय, यात ते श्रम कमी होतात. तोच ५० चा वेग तिसऱ्यात आणि पाचव्यात ठेवून बघा, स्क्रीनवरचा फरक डोळ्यांना दिसतो.

याचा अर्थ चढावर चौथ्यात कुथत न्यायची असा नाही. गाडी थरथरायला लागली, धडधडली किंवा इंजिनातून टकटक आली की एक गिअर खाली या.

म्हणजे ॲक्सिलरेटर अगदी हळू, अंडं ठेवल्यासारखा दाबायचा?

नाही. फार हळू वेग घेतला तर गाडी खालच्या गिअरमध्ये जास्त वेळ राहते. मध्यम दाबा, पटापट वरच्या गिअरला जा, मग पाय हलका करून वेग धरून ठेवा. वाईट असतं ते मधलं सततचं दाबणं-सोडणं. आणि क्लचवर पाय टेकवून गाडी चालवणं बंद करा. हाफ क्लचमध्ये पेट्रोलही जळतं आणि क्लच प्लेटही.

हायवेवर कुठला वेग चांगला?

छोट्या गाडीला टॉप गिअरमध्ये ६० ते ८०. त्यापुढे हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने चढतो. ८० च्या तुलनेत १०० ला तो ५६ टक्के जास्त, १२० ला सव्वादोन पट. वेळेचा हिशेब मात्र उलट चालतो. १०० किलोमीटरला ८० ने ७५ मिनिटं लागतात, १०० ने ६०, १२० ने ५०. शेवटची १० मिनिटं सगळ्यात महाग. उंच आणि चौकोनी गाड्यांना हे आणखी जास्त लागू पडतं.

क्रूझ कंट्रोल (ठरवलेला वेग आपोआप धरून ठेवणारी सोय) सपाट रस्त्यावर उपयोगी. चढ-उतारावर तो चढाला भसाभस पेट्रोल देऊन वेग टिकवतो. तिथे पाय स्वतःच्या ताब्यात ठेवावा आणि चढावर वेग थोडा उतरू द्यावा.

एसी लावू की खिडक्या उघडू?

गर्दीत हळू चालला असाल तर खिडक्या, हायवेवर एसी. वेगात उघड्या खिडक्यांमुळे हवा आत घुसळते आणि गाडीला मागे ओढते. छोट्या इंजिनाला एसीचा भार मोठ्या इंजिनापेक्षा जास्त जाणवतो. कडक उन्हात, छोट्या फेरीत तर ॲव्हरेज पाव हिश्शाने कमीही होऊ शकतं, कारण तापलेली गाडी थंड होईपर्यंत कॉम्प्रेसर पूर्ण जोराने चालतो. उन्हात उभी असलेली गाडी काढताना आधी मिनिटभर खिडक्या उघडून गरम हवा घालवा, मग एसी लावा आणि आतलीच हवा फिरवणारं बटण दाबा.

उकाड्यात घामाघूम होऊन गाडी चालवण्याइतकी मात्र ही बचत मोलाची नाही.

सिग्नलला इंजिन बंद करावं का?

थांबणं अर्ध्या मिनिटाहून जास्त असेल तर करा. गरम झालेलं छोटं इंजिन नुसतं उभं असताना तासाला साधारण अर्धा ते पाऊण लिटर पितं, एसी चालू असेल तर आणखी. बंद करून पुन्हा सुरू करायला जेवढं पेट्रोल लागतं ते साधारण १० सेकंदांच्या आयडलिंगमध्येच वसूल होतं. गाडीत स्टार्ट-स्टॉप (थांबल्यावर इंजिन आपोआप बंद-सुरू करणारी सोय) असेल तर ते चालू राहू द्या, त्यासाठी बॅटरी आणि स्टार्टर मुळातच दणकट दिलेले असतात.

टायरमध्ये हवा किती ठेवायची?

ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत स्टिकर असतो, त्यावर आहे तेवढी. टायरच्या बाजूवर छापलेला आकडा हा त्या टायरची कमाल मर्यादा आहे, तेवढी भरायची नसते. हवा भरणाऱ्याने "सगळ्यांना एवढीच टाकतो" म्हटलं तरी आपला आकडा सांगावा. पुढच्या-मागच्या टायरचा आकडा वेगळा असू शकतो आणि पूर्ण भरलेल्या गाडीचाही.

मोजायची ती टायर थंड असताना, म्हणजे गाडी काही तास उभी राहिल्यावर. चालून तापलेल्या टायरमध्ये दाब तीन-चार पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) जास्त दिसतो. तो बघून हवा काढली की थंड झाल्यावर टायर कमी हवेवर येतो. हवामानानेही फरक पडतो: तापमान १० अंशांनी उतरलं की दाब साधारण २ पीएसआयने उतरतो. काहीही बिघाड नसताना टायर महिन्याला एखादा-दोन पीएसआय गमावतोच. म्हणून महिन्यातून एकदा तरी बघाच, स्टेपनीसकट.

अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या हिशेबाने चारही टायरचा सरासरी दाब १ पीएसआय कमी झाला की ॲव्हरेज सुमारे ०.२ टक्के घटतं. ऐकायला चिमूटभर वाटतं, पण महिनोन्‌महिने न बघितलेल्या टायरमध्ये आठ-दहा पीएसआय कमी सापडणं नवलाचं नाही. आणि पेट्रोलपेक्षा मोठं नुकसान टायरचं होतं: कडा झिजतात, वेगात टायर तापतो, फुटतो.

उलट्या बाजूने, ॲव्हरेजसाठी पाच-सात पीएसआय जास्त भरणारेही आहेत. टायरचा मधला पट्टाच रस्त्याला टेकतो आणि ओल्या रस्त्यावर ब्रेकिंग बिघडते. तसं करू नका.

नायट्रोजन भरला तर?

साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच. दाब थोडा हळू उतरतो एवढंच. वेळच्या वेळी साधी हवा तपासलीत तर तेच साधतं.

डिकीतलं सामान, वरचा कॅरियर, रुंद टायर?

वजनाचा परिणाम लोक समजतात त्यापेक्षा कमी आहे: ४५ किलोला साधारण एक टक्का, छोट्या गाडीत थोडा जास्त. तोही शहरातच जाणवतो, कारण थांबून पुन्हा निघताना ते वजन दरवेळी ओढावं लागतं. छपरावरचा कॅरियर मात्र रिकामा असला तरी हायवेवर खातो. वापर नसेल तेव्हा काढून ठेवा. हौसेने बसवलेली मोठी अलॉय आणि रुंद टायर हा कायमचा भुर्दंड आहे, त्याला उपाय नाही.

रोजची फेरी दोन किलोमीटरची. ॲव्हरेज फारच कमी येतं. गाडीत दोष आहे का?

बहुतेक नाही. थंड इंजिनाला जास्त पेट्रोल लागतं, तेल घट्ट असतं, घर्षण जास्त असतं. दोन किलोमीटरमध्ये इंजिन धड तापतच नाही. जवळची कामं एका फेरीत जोडा, लांबचं काम आधी करा म्हणजे पुढच्या थांब्यांना इंजिन गरम राहील. सकाळी पाच मिनिटं उभ्याने इंजिन तापवत बसू नका. सुरू करा, अर्ध्या मिनिटात निघा, पहिले एक-दोन किलोमीटर रेस न करता चालवा. आणि दोन किलोमीटर चालत जाता आलं तर त्याहून चांगलं ॲव्हरेज कुठलीच गाडी देत नाही.

प्रीमियम पेट्रोल, टाकीत टाकायच्या बाटल्या, सॉकेटला लावायची यंत्रं?

ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे, दाबाखाली वेळेआधी पेट न घेण्याची क्षमता. गाडीच्या पुस्तकात ९१ लिहिलं असेल तर ९५ टाकून साध्या इंजिनाला विशेष काही मिळत नाही. पुस्तकातच जास्त ऑक्टेन सांगितलं असेल तर ते टाका.

सॉकेटमध्ये खोचायच्या डब्या, पेट्रोलच्या नळीवर लावायची चुंबकं, हवेला भोवरा देणारे पंखे: अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने अशी शंभरहून जास्त उत्पादनं तपासली आणि लक्षात येण्याजोगी बचत करणारं एकही सापडलं नाही. यावर आणखी शब्द खर्च करण्यात अर्थ नाही.

इथेनॉलमुळे ॲव्हरेज कमी होतं?

हो, होतं. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते. साधा हिशेब केला तर १० टक्के मिश्रणात ३ ते ४ टक्के आणि २० टक्के मिश्रणात ६ ते ७ टक्के ऊर्जा घटते. इथेनॉलचं ऑक्टेन जास्त असल्याने त्यासाठीच जुळवलेलं इंजिन यातलं थोडं भरून काढतं. पंप बदलल्यावर किंवा मिश्रण बदलल्यावर एवढा फरक दिसला तर मेकॅनिककडे धावू नका.

पहाटे पेट्रोल भरलं तर जास्त मिळतं?

पेट्रोल अंशामागे साधारण ०.१ टक्का प्रसरण पावतं हे खरं, पण पंपाच्या टाक्या जमिनीखाली असतात आणि तिथलं तापमान दिवसभरात फारसं हलत नाही. झोप मोडू नका.

सर्व्हिसिंगमधलं ॲव्हरेजला नेमकं काय लागतं?

योग्य ग्रेडचं तेल. पुस्तकात ०डब्ल्यू-२० लिहिलेलं असताना "गाडी जुनी झाली, जाड टाकू" म्हणून भलतं तेल टाकलं तर एक-दोन टक्के तिथेच जातात. मग प्लग, आणि चाकांचं अलाइनमेंट. एअर फिल्टरचं महत्त्व मात्र जुन्या काळाचं उरलं आहे. इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत हवा कमी आली की संगणक पेट्रोलही कमी करतो, त्यामुळे चोंदलेल्या फिल्टरने पिकअप जातो, ॲव्हरेज फारसं नाही. तरी वेळेवर बदला, स्वस्तातलं काम आहे.

ॲव्हरेज अचानक पडलं. काय तपासू?

आधी रस्ता, हवामान, एसी आणि टायर बदललेत का ते आठवा. ते नसेल तर टायरमधली हवा. मग थोडं चालवून गाडी थांबवा आणि चाकांजवळ हात न्या, रिमला हात लावू नका. एकच चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेलं असेल तर ब्रेक चिकटतोय. सपाट जागी न्यूट्रलमध्ये गाडी ढकलून बघा, अडत असेल तरी तेच.

तापमानाचा काटा बराच वेळ चालवूनही मधोमध येत नसेल तर थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारी झडप) उघडा अडकलेला असू शकतो. इंजिन थंडच आहे असं समजून संगणक जास्त पेट्रोल देत राहतो. इंजिनाचा पिवळा दिवा लागला असेल तर स्कॅनर लावून घ्या. ऑक्सिजन सेन्सर बिघडला की पेट्रोल बेहिशेबी जातं, आणि जास्तीचं पेट्रोल पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धूर स्वच्छ करणारा डबा, जाळतं. तो दिवा "गाडी चालतेय ना" म्हणून महिनोन्‌महिने लावून ठेवणं हा या यादीतला सगळ्यात महागडा आळस आहे.

ऑटोमॅटिक गाडीत वेगळं काही?

टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत (इंजिनाची ताकद तेलातून गिअरला पोचवणारी ऑटोमॅटिक) लांब सिग्नलला डी मध्ये ब्रेक दाबून राहण्यापेक्षा न्यूट्रल आणि हँडब्रेक बरा. एएमटीत (साधाच गिअरबॉक्स, पण क्लच आणि गिअर यंत्र टाकतं) वरचा गिअर हवा असेल तर क्षणभर पाय सैल करा, ती गिअर टाकते. चढावर ॲक्सिलरेटरने गाडी तोलून धरू नका, ब्रेक वापरा. स्पोर्ट मोड चुकून चालू राहिलाय का तेही बघा.

ट्रकच्या मागे चिकटून चालवलं तर हवा लागत नाही म्हणतात.

लागत नाही हे खरं आहे. पण हवेतून फायदा मिळेल इतक्या जवळ गेलात तर ट्रकने ब्रेक मारल्यावर तुमचा पाय ब्रेकपर्यंत पोचायच्या आत अंतर संपलेलं असतं, आणि ट्रकवाल्याला तुम्ही आरशात दिसतही नसता.